ठाण्यातली एक फिर्याद

‘न्यायाचा दिवस’ हे शब्द मी प्रथम ऐकले ते आजीच्या तोंडून, आणि धाक म्हणूनच ऐकले. कल्याणच्या रेल्वे वसाहतीत आमचे घर होते. ताटात भात टाकला, देवळात जाताना वाटेत रेंगाळलो, खोटे बोललो, की आजी म्हणे, त्या दिवशी सगळ्याचा हिशेब निघणार आहे, तेव्हा कोण पाठीशी घालतो ते बघू. तिच्या देवाच्या हातात एक जाडजूड वही असे. ही वही बायबलातली कमी आणि चित्रगुप्ताची अधिक होती, हे पुष्कळ पुढे लक्षात आले. प्रकटीकरणाच्या पुस्तकातही शेवटी ग्रंथ उघडले जातात हे खरे. पण आजीच्या वहीत खाडाखोड नव्हती, दयेचा शेरा नव्हता आणि मुख्य म्हणजे तक्रार नोंदवायला जागा नव्हती. तीत फक्त आरोपींची नावे होती. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीत नरकाला आजही ‘यमकोंड’ म्हणतात. धर्म बदलला तरी यमाने आपली जागा सोडली नाही, असेच म्हणावे लागते.

मराठी ख्रिस्ती साहित्याविषयी आपण अध्यापक मंडळी वर्गात बोलतो तेव्हा या वहीविषयी सहसा बोलत नाही. आपण करुणेविषयी बोलतो, क्षमेविषयी बोलतो, लक्ष्मीबाईंच्या निखळ विनोदाविषयी तर बोलतोच बोलतो. ईश्वरी न्याय हा विषय आपल्याला अवघड वाटतो, थोडासा लाजिरवाणाही वाटतो. सुसंस्कृत माणसाने घरातला एखादा जुनाट, कर्कश नातेवाईक पाहुण्यांसमोर आणू नये, तसे आपण त्याला आतल्या खोलीत बसवून ठेवतो. मला मात्र अलीकडे असे वाटू लागले आहे की ख्रिस्ती श्रद्धेतली सर्वांत चांगली बातमी कदाचित तीच आहे. असे वाटायला कारण झाली ठाण्यातलीच एक जुनी हकिकत.

सन १३२१. ठाणे नुकतेच दिल्लीच्या सत्तेखाली आलेले. दिल्लीच्या तख्तावर घियासुद्दीन तुघलक. त्या वर्षी चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू, टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रिअस, ठाणे बंदरात उतरले. पुढे ओडोरिक नावाचा प्रवासी याच वाटेने चीनला गेला आणि परतल्यावर १३३० मध्ये त्याने आपली प्रवासकथा सांगून लिहवली. तीत या चौघांची हकिकत आली आहे. ठाण्यात त्या वेळी नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे तो सांगतो. त्यांतल्या एका घरी हे पाहुणे राहिले. पुढचे सारे मराठी ख्रिस्ती परंपरेत थोडेफार ऐकिवात असते. काझीने त्यांना बोलावले, ख्रिस्ताविषयी वाद घातला, मग पैगंबरांविषयी त्यांचे मत विचारले, आणि त्या उत्तरावरून त्यांना मृत्युदंड झाला. एप्रिलच्या उन्हात त्यांना तासन्‌तास बांधून उभे केले, जेम्सला आगीत लोटले, आगीने त्याला काही केले नाही, आणि अखेर रात्री त्यांना ठार मारण्यात आले. ही शिक्षा जिथे झाली त्या जागेसाठी ओडोरिक ‘मेदान’ असा शब्द वापरतो. लॅटिन मजकुरात अचानक आपले मैदान भेटते. थॉमसला १८९४ साली पोपने ‘धन्य’ म्हणून मान्यता दिली.

परंतु हे प्रकरण काझीसमोर गेले कसे? पाहुण्यांच्या धर्मासाठी त्यांना कोणी पकडून नेले नव्हते. ओडोरिक सांगतो की ज्या घरात ते उतरले होते त्या घरात एका संध्याकाळी नवराबायकोचे भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोला मारहाण केली. सकाळी ती बाई उठली आणि काझीकडे फिर्याद घेऊन गेली. काझीने पुरावा विचारला. ती म्हणाली, आमच्या घरी चार परदेशी धर्मगुरू उतरले आहेत, त्यांनी पाहिले आहे, त्यांना विचारा. पीटरला सामानापाशी ठेवून बाकीचे तिघे गेले ते साक्षीदार म्हणून गेले. त्यानंतर त्या बाईविषयी एक अक्षर नाही.

ही हकिकत मी वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थी आगीच्या भागाशी थांबतात. तो भाग चमत्काराचा, साहजिकच रंगतो. एके वर्षी टिटवाळ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, “सर, मग त्या बाईचं काय झालं?” मी इतकी वर्षे तो मजकूर वाचत होतो, हा प्रश्न मला पडला नव्हता. मला तो पडायला हवा होता, याची खंत आजही आहे.

काय झाले असेल? काझीला आयता वाद सापडला, साक्षीदारांचे आरोपी झाले, गावभर गडबड उडाली, आणि मारहाणीची फिर्याद बाजूला पडली ती पडलीच. नवऱ्याला कोणी काही विचारल्याची नोंद नाही. ती त्याच घरी परत गेली असेल का? आता तर त्या घरावरच संकट आणल्याचा ठपकाही तिच्यावर आला असेल. ओडोरिकला न्यायाची चाड नव्हती असे नाही. तो पुढे आवर्जून सांगतो की दिल्लीच्या बादशहाने ठाण्याच्या अधिकाऱ्याला बोलावून घेऊन कुटुंबासह ठार केले आणि ते ऐकून काझी पळून गेला. हुतात्म्यांच्या रक्ताचा बदला झाला, कथेचे वर्तुळ मिटले, सांगणाऱ्याचे समाधान झाले. अधिकाऱ्याच्या कुटुंबाने काय केले होते, हे विचारण्याची गरज त्याला वाटत नाही. मुळात जिने दार ठोठावले तिची फिर्याद या ‘न्याया’तही नाही. मग ओडोरिकने त्या हुतात्म्यांची हाडे बरोबर घेतली आणि जहाजाने चीनपर्यंत नेली. फिर्याद ठाण्यातच राहिली.

मला वाटते, ईश्वरी न्यायाचा विचार सुरू करायचा तर तो इथून करावा. आपण तो आरोपीच्या पिंजऱ्यातून करतो. आजीचा धाक हा पिंजऱ्यातल्या माणसाचा धाक होता. फिर्यादीच्या बाजूने उभे राहून पाहिले की तोच दिवस वेगळा दिसतो. ज्याचे कोणी ऐकून घेतलेले नाही त्याला न्यायाधीश येतो आहे ही धमकी वाटत नाही. स्तोत्रसंहितेतली शहाण्णवावे आणि अठ्ठ्याण्णवावे ही दोन स्तोत्रे वाचा. झाडे आनंदाने गातात, नद्या टाळ्या वाजवतात, समुद्र गर्जतो. आणि या उत्सवाचे कारण काय, तर देव पृथ्वीचा न्याय करायला येतो आहे! शिकत असताना मला हे रूपक चुकल्यासारखे वाटे. न्यायाधीश आला म्हणून कोण नाचेल? ज्याची तारीख वर्षानुवर्षे पुढे पडत आली आहे तो नाचेल, हे कळायला कल्याणच्या न्यायालयाच्या आवारात थोडे बसावे लागले.

मराठी बायबलात ‘शास्ते’ नावाचे एक पुस्तक आहे. मूळ हिब्रू शब्द ‘शोफेत’. आपल्या भाषांतरकारांनी ‘न्यायाधीश’ हा सोपा शब्द टाळून ‘शास्ते’ म्हटले. शब्द जरा दंडुक्याचा असला तरी निवड समंजस आहे, कारण त्या पुस्तकातले लोक निकालपत्र वाचून दाखवणारे नाहीत. बिघडलेले काही ते जागच्या जागी आणून बसवतात, पिडलेल्यांना सोडवतात. त्यांच्यात दबोरा नावाची एक स्त्री आहे. ती झाडाखाली बसे आणि लोक आपली गाऱ्हाणी घेऊन तिच्याकडे येत. न्याय म्हणजे प्रथम ऐकणे आणि मग सरळ करणे, असा तो अर्थ आहे. बायबलातला पहिला फिर्यादी तर बोलूही शकत नाही, कारण तो मेलेला आहे. हाबेलचा खून होतो, साक्षीदार कोणी नसतो, आणि त्याचे रक्त जमिनीतून देवाला हाक मारते. खुनानंतर काईनाला देवाचा पहिला प्रश्न असतो तो भावाविषयी: तो कुठे आहे?

आपल्या कर्मविपाकाच्या कल्पनेशी याची तुलना करण्याचा मोह होतो. मी ती फार ताणणार नाही, कारण अशा तुलनांत समोरच्याचे दुबळे रूप घेऊन आपले सबळ रूप त्याच्यापुढे उभे करण्याची लबाडी फार होते. एवढेच म्हणतो की कर्माच्या नियमापुढे फिर्याद करता येत नाही. नियमाला कान नसतात. कान असलेल्याशी भांडता येते. तुकोबा विठ्ठलाशी भांडले ते त्यामुळेच.

‘दिव्य’ हा शब्दही इथे विचारात घ्यावा. मराठेशाहीच्या कागदपत्रांत वाद मिटेनासा झाला की दिव्य करायला सांगत: उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा, तापलेले लोखंड हाती घ्यायचे. हात भाजला की खोटा, न भाजला की खरा. ‘दिव्य’ म्हणजे देवाचे. देवाने निवाडा द्यावा ही अपेक्षा. ठाण्याच्या मैदानावर त्या धर्मबंधूंपैकी जेम्सला आगीत लोटले तेही एक दिव्यच होते. या साऱ्या दिव्यांत एक गोष्ट सारखी आहे. ज्याचे शरीर पणाला लागते तो दुबळा असतो. आणि निवाडा देवाचा म्हटला, तरी आग पेटवणारा कधीच आगीत जात नाही. सीतेपासून हेच चालत आले आहे.

हे लिहिताना आपल्याच घराकडे बोट वळवणे भाग आहे. ठाण्याच्या काझीविषयी लिहून थांबलो तर ते अप्रामाणिक होईल. पुढे हाच ठाणे-वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि न्यायासनावर ख्रिस्ती माणसे बसली. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, आले. १७७४ ते १७७८ ही मधली चार वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालू होते. तिथेही पाहुण्याला, शेजाऱ्याला, नवख्रिस्ती माणसाला हाच प्रश्न होता: तू काय मानतोस? त्या आसनावर बसलेल्यांना आपण देवाच्या वतीने न्याय करतो आहोत याविषयी शंका नव्हती. ईश्वरी न्यायाची भीती वाटायला हवी होती ती त्यांना. त्यांनी ती इतरांना वाटून टाकली.

आणि त्यांचा स्वतःचा ग्रंथ काय सांगत होता? मत्तयाच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाचे जे चित्र आहे त्यात ‘तू काय मानतोस’ हा प्रश्नच नाही. भुकेल्याला जेवू घातले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला पांघरूण घातले का, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्याला भेटायला गेलास का, हे प्रश्न आहेत. शिवाय न्यायाधीश म्हणतो, तो भुकेला मी होतो, तुरुंगातला मी होतो. ठाण्याच्या किल्ल्याचा तुरुंग आपण सर्वांनी बाहेरून पाहिलेला आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला हा किल्ला पुढे कारागृह झाला. १९१० साली अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तिथेच फाशी झाली. त्या भिंतीवरून जाताना मत्तयाचा पंचविसावा अध्याय आठवला की गंमत वाटत नाही. न्यायाधीश भिंतीच्या आत आहे, असे तो अध्याय म्हणतो.

ख्रिस्ती विचाराचा हा गाभा मला इतर कशाहूनही अधिक महत्त्वाचा वाटतो. अखेरीस निवाडा करणारा स्वतः एकदा आरोपी होता. एका रात्रीत त्याला या चावडीवरून त्या चावडीवर फिरवले गेले, खोटे साक्षीदार उभे केले गेले, एका अधिकाऱ्याने दुसऱ्याकडे ढकलले, दुसऱ्याने परत पाठवले, आणि निर्दोष आहे असे कबूल करून पिलाताने हात धुतले. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला ही हकिकत समजावून द्यावी लागत नाही. अशा न्यायाधीशापुढे ठाण्यातल्या त्या बाईला आपल्या अंगावरचे वळ सिद्ध करून दाखवावे लागणार नाहीत.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो माझे सहकारी मला अनेकदा ऐकवतात. परलोकातल्या न्यायाची ही अफू गरिबाला इहलोकातल्या अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवते. सोस बाई, देव बघतो आहे. आक्षेप खरा आहे. असे सांगणारे धर्मोपदेशक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मुळीच ममता नाही. पण येशूने प्रार्थना कशी करावी हे शिकवताना उदाहरण कोणाचे घेतले? एका विधवेचे, आणि तेही देवळातल्या नव्हे, कोर्टातल्या. लूकच्या अठराव्या अध्यायातली ही बाई देवाला न भिणाऱ्या, माणसांची पर्वा न करणाऱ्या न्यायाधीशाच्या दाराशी रोज जाते. तो कंटाळून निकाल देतो. म्हणतो, नाहीतर ही मला बेजार करील. ‘बेजार’ हे सभ्य भाषांतर झाले. मूळ ग्रीक क्रियापद मुष्टियुद्धातले आहे: डोळ्याखाली ठोसा मारणे. जिच्यापाशी ना पैसा, ना वशिला, त्या बाईने आपला डोळा काळानिळा करू नये, म्हणून तो उठतो! ही बाई सोसत बसलेली नाही. वरचा न्याय आहे या खात्रीनेच ती खालच्याचे दार सोडत नाही.

डोंबिवलीत आमच्या मागच्या चाळीत राहणाऱ्या एका बाईचे मी या निमित्ताने सांगतो. नाव सांगत नाही. ती ख्रिस्ती नाही, आणि तिला माझ्या युक्तिवादात आणल्याचे आवडेल की नाही हेही मला ठाऊक नाही. नवऱ्याने मारले म्हणून ती पहिल्यांदा तक्रार द्यायला गेली तेव्हा समोरच्याने तिला विचारले: माहेर कुठले, लग्न घरच्यांनी ठरवले की पळून केले, कामावरून घरी किती वाजता येता. अर्ध्या तासात मारहाण हा विषयच उरला नाही; तिची चालचलणूक हा विषय झाला. मी बरोबर होतो. मलाही साक्षीदार म्हणून नेले होते, आणि मलाही विचारण्यात आले, तुमचा हिच्याशी संबंध काय? त्या क्षणी मला १३२१ आठवले असे म्हणणे खोटे ठरेल. त्या क्षणी मला फक्त तिथून निघून जावेसे वाटले. काझीपुढे गेलेल्या त्या तिघांविषयीचा आदर मला वाटू लागला तो त्या दुपारनंतर. वादात ते कसे बोलले हा निराळा प्रश्न. पण बोलावल्यावर ते एका बाईच्या बाजूने साक्ष द्यायला गेले होते, आणि हुतात्मा म्हणून त्यांचे स्मरण करताना नेमके तेवढेच आपण विसरतो.

राहिला प्रश्न मारणाऱ्या नवऱ्याचा, १३२१ मधल्या आणि आताच्याही. न्याय त्या बाईला शुभवर्तमान असेल, पण याला? नरकाविषयी माझी समजूत आजीइतकी पक्की नाही, आणि मी ती तशी असल्याचे सोंग करणार नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने एक दाखला दिला आहे, तो मला धरून ठेवतो. पायावर कोणी सोन्याने बांधतो, कोणी लाकडाने, कोणी गवताने; त्या दिवशी अग्नी प्रत्येकाचे बांधकाम पारखून पाहील. ज्याचे जळेल त्याचे नुकसान होईल. तो स्वतः वाचेल, पण आगीतून बाहेर पडल्यासारखा. इमारतींचे रूपक आपल्या भागात कोणाला समजावे लागत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याच्या परिसरात बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. आत राहायला आलेल्यांना बांधकाम कशाचे आहे हे पारखून घेण्याची सोय नव्हती. पौलाचा अग्नी आधी पारखतो, आणि तो बांधणाऱ्याचे काम पारखतो. मैदानावरच्या आगीच्या हे अगदी उलट आहे. तिथे दुबळ्याचे शरीर आगीत होते. इथे बलवानाचे कर्तृत्व आगीत आहे. ज्याला आपण नवरेपणा समजलो, घरावरची हुकमत समजलो, ते सारे गवत होते, हे त्या माणसाला एकदा स्वच्छ दिसावे, सबबीला जागा न ठेवता दिसावे, यात त्याचेही काही भले आहे असे मला वाटते. खोट्यातच त्याला कायमचे राहू देणे ही दया कशी म्हणावी?

रेव्हरंड टिळकांनी, ज्यांचे बालपणीचे शिक्षण कल्याणात झाले, आयुष्याच्या अखेरीस १९१७ मध्ये साताऱ्याला एक मंडळी स्थापन केली आणि तिला नाव दिले ‘देवाचा दरबार’. त्यांच्यासमोर चर्च होते, समाज होता, मंदिर होते, आश्रम होता; त्यांनी ‘दरबार’ निवडला. दरबारात स्तुती होते हे खरे. पण आपल्या भाषेत दरबारात फिर्यादही जाते. टिळकांच्या मनात हा दुसरा अर्थ कितपत होता हे मी सांगू शकत नाही. शब्दाच्या मनात तो नक्कीच होता.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला. अर्जाची पहिली सुनावणी झाल्यापासून साठ दिवसांत तो निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात लिहिले आहे. आमच्या शेजारणीच्या अर्जाला येत्या पावसाळ्यात तिसरे वर्ष लागेल. गेल्या तारखेला समोरचा वकील आला नाही. ती डबा घेऊन गेली होती. तो आम्ही न्यायालयाबाहेरच्या बाकावर बसून खाल्ला, आणि पुढची तारीख तिने मोबाइलच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहून घेतली.